गौरव आणि निकड

पुष्कळ वर्षांपूर्वी मी ज्या कचेरीत उमेदवारी केली, तेथे निकडीच्या कागदावर तांबडी चिठ्ठी लावण्याचा शिरस्ता होता. परंतु आपला कागद मागे पडू नये या स्वाभाविक चिंतेने प्रत्येक शाखा ती चिठ्ठी इतक्या सढळ हाताने लावू लागली की, अखेरीस आमच्या बारनिशी कारकुनास बिनचिठ्ठीचा कागदच विलक्षण वाटून तोच आधी उघडण्याची बुद्धी होई. आधी काय करावे, या प्रश्नाचा नाद मला लागला तो या गमतीतून.

हा प्रश्न शास्त्र म्हणून हाताळणारे आपल्याकडील पहिले लोक बहुधा मीमांसक असावेत. जैमिनीच्या सूत्रांचा पाचवा अध्याय सबंध क्रमाच्या विचारास वाहिलेला आहे. वेदवाक्यात अग्निहोत्राची आहुती आधी सांगितली आहे आणि यवागू, म्हणजे पेज, शिजविण्याचे मागाहून. पण आहुती पेजेचीच द्यावयाची असल्यामुळे ती आधी शिजविणे प्राप्त होते, म्हणून पाठाने दिसणाऱ्या क्रमापेक्षा प्रयोजनाने ठरणारा क्रम बलवान, असा त्यांचा निर्णय. मात्र यज्ञातील कर्मे एका कर्त्याच्या एका हेतूने बांधलेली असतात. दाराशी ताटकळणाऱ्या अर्जदारांची चढाओढ तेथे नाही.

ती चढाओढ कौटिल्याने पाहिली होती. शामशास्त्र्यांनी १९०९ साली म्हैसुराहून प्रसिद्ध केलेल्या आणि पुढे प्रा. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी चिकित्सापूर्वक संपादिलेल्या अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात राजाच्या दिवसाचे नालिकांनी मोजून आठ भाग पाडले आहेत, आणि त्यांतील दुसरा भाग नगरवासी व जानपद यांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी राखला आहे. कामासाठी आलेल्यास दाराशी अडवू नये, कारण ज्या राजाचे दर्शन दुर्लभ, त्याच्याकडून जवळची माणसे करावयाचे आणि न करावयाचे यांची उलटापालट करवून घेतात, हा इशारा ज्याने लिहिला त्यास हुजऱ्यांचा अनुभव दांडगा असला पाहिजे. मग तो देवतांपासून अनाथ आणि स्त्रियांपर्यंत कामांचा अनुक्रम लावतो, आणि लगेच त्यास मुरड घालतो: कामाच्या गौरवामुळे अथवा ते आत्ययिक असल्यास हा क्रम बदलावा. अत्यय म्हणजे टळून जाणे, नाश. आत्ययिक काम लगेच ऐकावे, कारण वेळ टळली की ते कष्टसाध्य होते, नाहीतर असाध्यच होऊन बसते. म्हणजे निकड हा गलबल्याचा गुण नव्हे. विलंबाने होणाऱ्या हानीचे ते नाव आहे.

१९५४ च्या ऑगस्टात अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी इव्हान्स्टन येथील ख्रिस्ती धर्मपरिषदेत एका माजी कॉलेज-अध्यक्षाचा हवाला देऊन निकडीचे आणि महत्त्वाचे असे दोन प्रकारचे प्रश्न सांगितले, तेव्हा जोडी जुनीच होती, परंतु भर उलटला होता: निकडीचे ते महत्त्वाचे नसते, असा त्यांचा रोख. पुढे त्यावरून चार चौकोनांचे कोष्टक झाले आणि स्टीफन कोव्ही यांच्या १९८९ च्या पुस्तकाने ते घरोघर पोहोचविले. कोष्टक सोयीचे आहे खरे. पण त्यात निकड म्हणजे केवळ दुसऱ्याने लावलेली तांबडी चिठ्ठी होऊन बसली, हे मला खटकते.

विलंबाचा हिशेब पुन्हा मांडला तो गणित्यांनी. वेन स्मिथ यांनी १९५६ साली दाखविले की, प्रत्येक कामाचे महत्त्व त्यास लागणाऱ्या वेळाने भागावे आणि भागाकार ज्याचा मोठा ते आधी घ्यावे, म्हणजे खोळंब्याची एकूण हानी किमान होते. सारख्याच महत्त्वाची एक तासाची आणि पाच तासांची अशी दोन कामे असता लहान आधी केले तर दोघांचा मिळून खोळंबा सात तासांचा, मोठे आधी केले तर अकरांचा. युक्तिवाद निरुत्तर करणारा आहे. फक्त महत्त्वाचा आकडा कोणी घालावा, हे सूत्र सांगत नाही, आणि कचेरीत तो आकडा बहुधा ओरडणाराच घालतो.

म्हणून मी पुन्हा त्या जुन्या अनुक्रमाकडे वळतो. त्यात श्रोत्रियांच्या पाठोपाठ, बालक आणि वृद्ध यांच्याही आधी, पशू येतात. अर्ज लिहिणे त्यांना शक्य नव्हते, दाराशी येऊन गलका करणेही नव्हते. तरी राजाच्या सकाळीत त्यांची पाळी कोणीतरी आधीच लावून ठेवली होती.