द्वारपालाचे वेतन

कौटिल्याने शुल्काध्यक्षाची कर्तव्ये सांगताना, शुल्कशाला नगराच्या महाद्वाराजवळ असावी, तिच्यावर ध्वज उभारावा आणि चारपाच सेवकांनी येणारे व्यापारी कोण, कोठले, त्यांचा माल किती व त्यावर मुद्रा कोठे उमटली हे लिहून घ्यावे, इतका बारीक तपशील दिला आहे. आणि लेखकवर्गाचे ५०० पण वेतन मात्र राजाच्याच खजिन्यावर टाकले आहे. शांतिपर्वात भीष्म तर धान्याचा षष्ठांश, शुल्क आणि अपराध्यांचा दंड यांना राजाचे वेतनच म्हणतो. रक्षणाची मजुरी जर शुल्कातच आली, तर शुल्क घेणाऱ्याची मजुरी पुन्हा निराळी का मागावी, हा प्रश्न मला धर्माचा वाटतो.

हाच प्रश्न आज लहान विमानतळांवर उभा राहतो. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यान्वये एखादा विमानतळ सीमाशुल्क विमानतळ म्हणून जाहीर होऊ शकतो. तथापि मोठ्या शहरांत सरकारी पदे आधीपासून मंजूर असतात, आणि लहान ठिकाणी पुष्कळदा विमानतळ चालविणाऱ्यानेच तेथील सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या सरासरी खर्चाच्या १.८५ पट रक्कम सरकारात भरावी, अशी रीत आहे. अमेरिकेतही १९८४ च्या कायद्याने, पुरेशी वाहतूक नसलेल्या विमानतळांना पदरचे पैसे भरून ही सेवा घेण्याची मुभा दिली.

या रीतीच्या बाजूने एक आक्षेप मला खरोखरच अस्वस्थ करतो. ज्या शेतमजुराने विमान केवळ आकाशात पाहिले, तोही साबणाच्या वडीवर कर भरतो. थोड्या प्रवाशांच्या सोयीसाठी त्याचा पैसा का खर्चावा? सोयीपुरते हे मान्यच केले पाहिजे: इमारत, दिवे, सामानाचा सरकता पट्टा यांचा भार स्थानिकांनी उचलावा. परंतु मध्यरात्री त्या पट्ट्याशी उभा राहून, एखाद्या पेटीच्या दुहेरी तळातले सोने पंचांसमक्ष बाहेर काढणारा आणि पंचनामा लिहिणारा अंमलदार कोणाची सोय पाहत नसतो. तो निवाडा करीत असतो, आणि अमली पदार्थ किंवा रोगट बियाणे त्याने अडविले तर त्या शेतमजुराचे घर व शेतही राखले जाते. ज्याच्या आवारात झडती घ्यावयाची त्याच्याच हप्त्यावर पद टिकून असेल, तर अंमलदार कितीही सचोटीचा असला तरी त्याच्या निःस्पृहतेवर राज्याने अकारण भार टाकला, असेच म्हणावे लागेल.

शिवाय, आखातातून रत्नागिरीकडे परतणारा कामगार मुंबईस उतरून रात्रभर पुढचा प्रवास करतो, तेव्हा त्याला लागू असलेला कायदा आणि दर मुंबईकराचेच असतात. मग दार उघडण्याचा खर्च तेवढा गावाच्या ऐपतीवर का ठरावा? प्रत्येक लहान विमानतळावर कायमची तुकडी बसवा, असे माझे म्हणणे नाही. दोनतीन विमानतळांना मिळून एक पथक असावे, ते विमानांच्या वारांप्रमाणे फिरते राहावे, आणि त्याचा पगार, भत्ता व प्रवासखर्च भारताच्या संचित निधीतून व्हावा.