मालक लंडनला, खाण समुद्राखाली

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जमीनदार लंडनला आणि इस्टेट शेकडो मैलांवर, हे सर्रास चाले. अशा मालकाला एकच घोर असे: कारभारी आपल्याला लुबाडत तर नसेल? एडवर्ड लॉरेन्सने 1727 साली कारभाऱ्याच्या धन्याप्रति कर्तव्यांवर आख्खे पुस्तकच लिहिले. पण हा घोर एका बाजूचाच आहे. मालकाने कारभाऱ्यावर टाकलेल्या विश्वासापेक्षा कारभाऱ्याने मालकावर टाकलेला विश्वास जास्त जोखमीचा होता, असे मला वाटते.

कंबरलंडच्या किनाऱ्यावरचे व्हाइटहेवन पाहा. तिथल्या कोळशाचे धनी सर जेम्स लाउदर बराच काळ लंडनलाच असत. खासदारकी तिथे, उत्पन्न इथे, मध्ये टपाल. जॉन स्पेडिंग हा मुख्य कारभारी पत्रांतून हिशेब पाठवी आणि सर जेम्स त्याची बारकाईने झडती घेत. खाणी जॉनचा भाऊ कार्लाइल सांभाळी. त्याने 1729 ते 1731 या काळात समुद्राच्या अगदी काठावर सॉल्टमची खाण साडेचारशे फुटांहून खोल नेली; तिथून समुद्रतळाखालचा कोळसा निघू लागला. खोदताना पेट घेणारा वायू लागला, तेव्हा तो जनावरांच्या मूत्राशयांत भरून लंडनला पाठवला गेला आणि 1733 साली रॉयल सोसायटीपुढे मेणबत्तीच्या ज्योतीवर पेटवून दाखवला गेला. खाणीतला धोका मालकाच्या शहरात पोचला तो असा, पिशवीत बांधून, प्रयोग म्हणून. खाली मात्र उघडा दिवा नेणे जिवावरचे, म्हणून कार्लाइलने एक यंत्र काढले: पोलादी चाक फिरवायचे, त्यावर गारगोटी धरायची आणि उडणाऱ्या ठिणग्यांच्या उजेडात कोळसा फोडायचा. 1755 च्या जानेवारीत सर जेम्स ऐंशी ओलांडून वारले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खाणीतल्या स्फोटाने कार्लाइलचा बळी घेतला.

यावर कोणी म्हणेल, खाणीची नस कारभाऱ्यालाच ठाऊक, तेव्हा खरा परावलंबी मालकच. अर्धे खरे आहे. माहिती कारभाऱ्याकडे होती, पण ती पत्रातून मागवता येई, दुसऱ्याकडून पडताळता येई, आणि न पटल्यास माणूस बदलता येई. कारभाऱ्याला धनी बदलणे इतके सोपे नव्हते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कोळसा फोडणाऱ्या मजुराच्या जोखमीपुढे पगारी कारभाऱ्याची ती काय कथा? तो मला मान्य आहे. मजुराला तर त्या पत्रव्यवहारात सहीपुरतीही जागा नव्हती. पण त्याने कारभाऱ्याची बाजू खोटी ठरत नाही. जोखीम वरून खाली ढकलली जात होती आणि कारभारी मधल्या पायरीवर होता, एवढेच दिसते.

ही पायरी किती निसरडी होती, ते पैशाच्या व्यवहारात उघडे पडते. लाउदरांची ही इस्टेट पुढे त्याच नावाच्या दूरच्या नातलगाकडे गेली; तो नंतर लॉन्सडेलचा अर्ल झाला. जॉन वर्ड्‌स्वर्थ हा त्याचा वकील-कारभारी. धन्याच्या कामात पदरचे पैसे घालायचे आणि मागाहून वसूल करायचे, अशी रीत होती. 1783 साली तो वारला तेव्हा धन्याकडून चार हजार पौंडांहून अधिक येणे होते. मागे पाच पोरकी मुले, त्यांतला एक पुढचा कवी विल्यम. अर्लने दावे लांबवले, पैसा दिला नाही. 1802 साली अर्ल मेला, आणि त्यानंतर त्याच्या वारसाने ते देणे चुकते केले.