थाटाची बाजू

समाजकार्य करणाऱ्या माणसाचं घर कसं असावं, याचं आपल्या मनात एक चित्र पक्कं आहे. चुन्याच्या भिंती, सतरंजी, कोपऱ्यात माठ. तिथे झुंबर दिसलं की वर्गणी द्यायला खिशाकडे निघालेला हात वाटेतच थबकतो. ‘मोठं घर, पोकळ वासा’ म्हणायला आपल्याला फार वेळ लागत नाही. मॅडम सी. जे. वॉकर यांचं घर या चित्रात कुठेच बसत नाही, आणि त्या घराची बाजू घ्यावी असं मला वाटतं.

बाईंचं मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. जन्म 1867चा, अमेरिकेतल्या लुईझियानातला. आईवडील गुलामगिरीत राबलेले. तरुणपणी त्या लोकांचे कपडे धूत. दिवसाला जेमतेम दीड डॉलर सुटे. पुढे कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी केसांची मलमं करून विकली, हजारो विक्रेत्या तयार केल्या. 1917 साली फिलाडेल्फियात त्यांचं अधिवेशन भरवलं, तेव्हा जास्त माल खपवणाऱ्यांना बक्षिसं होतीच; पण जास्त दानधर्म करणाऱ्यांनाही होती. आपल्या विक्री-संमेलनांत असं बक्षीस अजून तरी ऐकलेलं नाही.

त्याच सुमारास न्यूयॉर्कजवळ आयर्व्हिंग्टनला त्यांचा ‘व्हिला लेवारो’ उभा राहत होता. वास्तुविशारद व्हर्टनर टँडी हेही कृष्णवर्णीय. खोल्या चौतीस. रंगवलेली छतं, सोनेरी पियानो, वाद्यदालनात पाइप ऑर्गन. जागाही आडबाजूची नाही, हमरस्त्यालगतची. रॉकफेलर घराण्याचा टापू जवळच. धुणं धुतलेल्या बाईने तिथे महाल बांधावा, याने भल्याभल्यांच्या भुवया उंचावल्या. त्या उंचावाव्यात हाही हेतू असणारच.

ऑगस्ट 1918 मध्ये या घरात मोठा मेळावा झाला. सन्मान होता एमेट स्कॉट यांचा. युद्धमंत्र्यांचे ते कृष्णवर्णीयांच्या प्रश्नांवरचे खास सहायक. महायुद्ध चालू होतं. काळे सैनिक फ्रान्समध्ये वेगळ्या पलटणींत लढत होते आणि मायदेशी त्यांच्या बांधवांना जमाव झाडाला लटकवत होता. वर्षभरापूर्वी न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीच्या शिष्टमंडळासोबत वॉकरबाई याच लिंचिंगविरुद्ध दाद मागायला व्हाइट हाउसला गेल्या होत्या. अध्यक्ष विल्सन भेटलेही नाहीत. आता पाहुणे त्यांच्या स्वतःच्या दिवाणखान्यात बसले होते. ही चर्चा भाड्याच्या सभागृहात झाली असती तर? शब्द कदाचित तेच निघाले असते. पण हडसन नदीकाठच्या असल्या घरांत ही माणसं एरवी मागच्या दाराने, स्वयंपाकी किंवा नोकर म्हणून शिरत. इथे दर्शनी दार त्यांच्यासाठी उघडलं. तो सोनेरी पियानो मला त्या सभेच्या ठरावांइतकाच बोलका वाटतो.

मराठी वाचकाला हे उमजायला जड जाऊ नये. 1913 ते 1916 याच न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांच्या सुटाबुटावर नाकं मुरडणारे आपल्याकडेही होतेच. पंचा नेसणं ही निवड असते, पण ज्याच्यापुढे सूटही ठेवलेला असतो त्याच्यासाठी. ज्याला चांगलं नेसूच दिलं नाही, त्याला साधेपणाचे धडे कोणी द्यायचे?

तरीही हिशेब इतका सरळ नाही. हा महाल ज्या पैशावर उभा राहिला, तो बव्हंशी गरीब काळ्या बायकांच्या डब्याडब्याने आला होता. केस सरळ दिसावेत या हौसेमागे गोऱ्यांच्या सौंदर्यकल्पना आहेत, ही टीकाही जुनीच आहे, आणि ती मला पुरती खोडून काढता येत नाही. बाईंच्या मुलीने, अलिलियाने, 1927 मध्ये हार्लेममधल्या आपल्या घरात लेखक-कलावंतांसाठी ‘डार्क टॉवर’ हा अड्डा सुरू केला. तिथले खाण्यापिण्याचे दर पाहून कलावंतच कुरकुरले. थाटाला पाहुणे निवडायची सवय लागते ती अशी.

आणि घर खातं. वॉकरबाई मे 1919 मध्ये याच घरात वारल्या. मुलीच्या पश्चात महाल एनएएसीपी या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेला जावा, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. 1931 मध्ये मुलगी गेली तेव्हा मंदीने सगळ्यांचं कंबरडं मोडलेलं. चौतीस खोल्यांचे कर आणि देखभाल चळवळीला कुठली परवडणार? संस्थेने घर विकलं, आणि पुढे कित्येक वर्षं तिथे वृद्ध स्त्रियांचं निवासस्थान चाललं. मृत्यूच्या काही दिवस आधी बाईंनी याच संस्थेच्या लिंचिंगविरोधी निधीला पाच हजार डॉलर देऊ केले होते. त्या देणगीला ना छत शाकारावं लागलं, ना घरपट्टी भरावी लागली.