बाकी तेवढी ठेवा

शांत बसा. पाठ ताठ, खांदे सैल. श्वास आपल्या चालीनं चालू द्या.

आता मन जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थ गावी न्या. 1608 साली रामनवमीला समर्थ रामदासांचा जन्म झाला, तो याच गावात. तिथं चारसहा जण मनाचे श्लोक म्हणत बसले आहेत, असं मनात आणा. समोर दोन माइक. एक डावीकडं, एक उजवीकडं.

श्लोक 205, वृत्त मात्र एकच, भुजंगप्रयात. ओळीला बारा अक्षरं: लघु, गुरू, गुरू; असं चार वेळा. दोन श्लोक ऐकले की तिसऱ्याची चाल कान आधीच धरतो. नवे असतात ते शब्द. इथं जरा थांबा. जे आधीच कळलं, ते पुन्हा साठवावं लागत नाही.

आता आवाजाच्या आत उतरा. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक बाजूचा आवाज सेकंदाला 44,100 वेळा मोजला जातो. दोन्ही बाजूंचे मिळून मिनिटाला साधारण दहा एमबी होतात. 2001 साली जॉश कोलसन यांनी खुली केलेली फ्लॅक ही पद्धत या आकड्यांची चाल धरते. 100, 104, 108 आले, तर पुढं 112 येईल असा अंदाज बांधते. आले 113. मग टिपून ठेवायचा तो फक्त 1. अंदाज वजा जाता उरलेली बाकी.

सावकाश पुढं चला. दोन्ही बाजू बऱ्याच सारख्या असल्या, की फ्लॅक त्यांच्याऐवजी फरक आणि निम्मी बेरीज ठेवू शकते. समजा, एकाच क्षणी डावीकडं 1200, उजवीकडं 1197. फरक 3. बेरीज 2397, तिची निम्मी 1198 आणि वर अर्धा. हा अर्धा फ्लॅक सोडून देते. तो हरवला का? पाहा. फरक विषम आहे, म्हणजे बेरीजही विषमच असणार. 1198 ची दुप्पट करून एक मिळवा: 2397. त्यात 3 मिळवून निम्मे करा, 1200. तीन वजा करून निम्मे करा, 1197. दोन्ही बाजू जशाच्या तशा परत आल्या. सोडलेल्या अर्ध्याची खूण फरकातच होती. हे मनात मुरू द्या.

मध्येच कुणी खोकलं, दार वाजलं. याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून त्याला जागा जास्त लागते, आणि फ्लॅक ती देते. एमपीथ्री कानाला जाणवणार नाही असं वाटेल ते कायमचं काढून टाकते. फ्लॅक असा निवाडा करत नाही. काय मोलाचं, हे उद्या ऐकणाऱ्यावर सोपवते. तरीही फाइल बहुधा मूळच्या निम्मी ते दोन तृतीयांश होते. ही बचत सारी ओळखीची आहे; त्यासाठी काहीही गमवावं लागत नाही.

आता आपल्या घरातला एक आवाज आठवा. आजीची ओवी, वडिलांचं भजन, कॅसेटवर राहिलेलं. ती कॅसेट संगणकावर उतरवाल तेव्हा पहिली प्रत फ्लॅकमध्ये ठेवा. नातेवाइकांना पाठवायला तिच्यावरून एमपीथ्री कधीही करता येईल. उलट मात्र जमत नाही: एमपीथ्रीची फ्लॅक केली, तरी एकदा टाकलेलं परत येत नाही. म्हणून पहिल्या प्रतीपाशी घाई नको.