पिठाचा कोंबडा आणि टीव्हीतलं कासव

मे महिन्यात लेकीचा मुलगा पुण्याहून आमच्याकडे जामबागेत आला. वय वर्षं आठ. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि मोबाइल हातात द्यायचा नाही, अशी त्याच्या आईची ताकीद. म्हणून मीच कोठीच्या गुजराती गल्लीत जाऊन टीव्हीला जोडायचा जुन्या धर्तीचा व्हिडिओ गेम आणला. एकात चारशे खेळ. त्यानं चारशेतला एकच धरून ठेवला, मारिओचा.

ज्यांच्या घरी लहान मूल नाही त्यांच्यासाठी सांगते. मिशावाला एक बुटका माणूस डावीकडून उजवीकडे धावतो. वाटेत खड्डे, विटा, नळकांडी. बटण दाबलं की उडी, जास्त वेळ दाबून धरलं की उंच उडी. सुरुवातीला तीन जीव मिळतात, शंभर नाणी जमली की आणखी एक. मागे गेलेला रस्ता पुन्हा दिसत नाही, माघारी वळायची सोयच नाही. (चौऱ्यांशी लक्ष योनींच्या मानानं तीन जीव म्हणजे फारच काटकसर!) समोरून शत्रू येतात. त्यांच्या डोक्यावर उडी मारली की ते संपतात आणि आपल्याला गुण मिळतात.

पहिला शत्रू भुईछत्रासारखा. त्यानंतर येतं कासव. कासव म्हणजे आपल्या विसाव्या तीर्थंकरांचं, मुनिसुव्रतनाथांचं लांछन. माहेर मराठवाड्यातलं, त्यामुळे पैठणच्या क्षेत्री लहानपणापासून कितीदा तरी हात जोडलेत. आणि इथं माझा नातू त्या कासवाच्या पाठीवर धपकन उडी मारतो, ते बिचारं कवचात शिरतं, आणि हा कवचाला लाथ मारून त्यानं पुढच्यांना लोळवतो.

"बाळा, पाप लागतं," मी न राहवून म्हणाले.

"आजी, ते खरं नाहीये गं."

ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता त्याचीच बाजू घेतली. "अगं, दिव्याचे ठिपके ते. त्यात जीव कुठला?"

जीव तर पिठाच्या कोंबड्यातही नव्हता. राजा यशोधराची कथा आपण सगळ्याच ऐकत आलोय. वाईट स्वप्न पडलं म्हणून आई चंद्रमतीनं बळी द्यायला सांगितलं. राजा जीव मारायला तयार होईना. मग तडजोड निघाली, पिठाचा कोंबडा करून तो देवीपुढे कापला. रक्ताचा थेंब नाही, तरी त्या मायलेकांना मोर, कुत्रा, मासा, बकरा असे जन्म घेत फिरावं लागलं आणि शेवटी तर खरेखुरे कोंबडे व्हावं लागलं. सोमदेवसूरींनी ही कथा 'यशस्तिलका'त सांगितली ती काही लांब कुठं नाही, आपल्या करीमनगरजवळच्या गंगाधरा गावी, इ.स. ९५९ मध्ये.

या खेळाच्या जन्माचीही गोष्ट आहे. शिगेरू मियामोतो या जपानी माणसानं तो केला, १९८५ साली. त्याच्या आधीच्या, १९८३च्या खेळात कासवावर उडी मारली तर मारिओच मरायचा. नव्या खेळात ते उलटं केलं. पण नवशिक्यांना कासव जड जाऊ लागलं, म्हणून उडी शिकण्यापुरता एक सोपा शत्रू मागाहून घातला. तो हा भुईछत्रवाला. म्हणजे तुडवला जाण्यासाठीच घडवलेला. मला पुन्हा पिठाचा कोंबडाच दिसला.

हे मी नातवाला समजेल असं सांगितलं. त्यानं नीट ऐकलं आणि विचारलं, "आजी, मग तू ओट्याखाली झुरळांसाठी खडू ओढतेस ते?"

आरंभी हिंसा, गृहस्थाला ती पूर्ण टळत नाही, वगैरे मला येतं. पण आठ वर्षांच्या मुलापुढे ते म्हणताना माझीच जीभ अडखळली.

खरी गोष्ट पुढेच आहे. एका दुपारी तो झोपला होता आणि मी सहज ते बटणांचं यंत्र हातात घेतलं. पहिल्या भुईछत्रानंच मला मारलं. एकदा नाही, चारदा. पाचव्यांदा माझी उडी बरोबर बसली, चपकन आवाज आला, शंभर गुण मिळाले, आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "मेलास एकदाचा!"

सकाळी सामायिक करून उठलेली बाई मी. शास्त्रात याला हिंसानंदी रौद्रध्यान म्हणतात, हिंसेत आनंद मानणं. नातू इतके दिवस खेळतोय, पण असा शब्द त्याच्या तोंडून मी ऐकला नव्हता. त्याला तो अडथळा असतो, खड्ड्यासारखा, ओलांडला की विसरला. त्या कासवात जीव मी घातला होता. आणि ज्यात जीव घातला, त्याच्यासारख्याच दुसऱ्याला मारून खूश झाले तीही मीच. यशोधराच्या मनात तो कोंबडाच होता, पीठ नव्हतं. तेवढ्यापुरतं ह्यांचं 'दिव्याचे ठिपके' नातवाला लागू पडतं, मला नाही.

झाला प्रकार मी त्याला सांगून टाकला. तो हसला नाही. म्हणाला, "आजी, कुणालाच न मारता जाऊन बघू या का?"

आणि जाता येतं! शेवटी खांबावरचं निशाण उतरवताना किती मारले हे कुणी विचारत नाही. फक्त अवघड जातं. थांबावं लागतं, कासव वळेपर्यंत वाट पाहावी लागते, आणि वर घड्याळ चारशेपासून उलटं धावत असतं, ते संपलं की जीव गेला. दोन दिवस आम्ही पडलो, मेलो, पुन्हा उठलो. तीन टप्पे झाले. मला वाटतं, मारून तो इतका कधी रमला नव्हता.

चौथा टप्पा म्हणजे किल्ला. शेवटी पूल, पुलावर आग ओकणारा राक्षस. नातू शिताफीनं त्याच्या खालून निसटला. पलीकडे एक कुऱ्हाड. तिला हात लागला की पूल तुटतो, राक्षस खालच्या आगीत पडतो, आणि वाट मोकळी होते. दुसरी वाट नाही, म्हणे. त्यानं खेळ तिथंच थांबवला.

"आजी, आता?"

ही विरोधी हिंसा आहे, स्वतःच्या बचावाची, असं सांगायला तोंड उघडलं होतं. पण राक्षस तर मागे राहिला होता, बचाव झालेलाच होता. फक्त पुढे जायचं होतं.

सूर्यास्ताआधी जेवणं व्हायची होती, म्हणून मी कणीक मळायला उठले. टीव्ही तसाच चालू होता. मारिओ कुऱ्हाडीपासून हातभर अंतरावर उभा, आणि नातू माझ्या उत्तराची वाट बघत.