एकमताचा ठराव

माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीवर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं नाव आहे. हे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला सुरू झालं. त्याच वर्षी १४ जानेवारीला औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं होतं. तोवर नांदेड, लातूर, परभणी त्या जुन्या विद्यापीठातच होते. म्हणजे नाव बदललं आणि काही महिन्यांत आमचे जिल्हे त्यातून बाहेर पडले. लातूरला चार वर्षं शिकलो, पण हे दोन्ही प्रसंग एकत्र ठेवून कोणी बोलल्याचं आठवत नाही.

नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ चा. शरद पवारांचं पुलोद सरकार तेव्हा जेमतेम दहा दिवसांचं होतं. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव एकमताने मंजूर केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना जाळून मारलं. ठराव गुंडाळून ठेवला गेला, तो थेट सोळा वर्षांनी निम्मा उघडला. नामांतराऐवजी नामविस्तार. त्याआधी नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं होतं.

मला छळतं ते ते एकमत. सभागृहात विरोधच नव्हता, तर वस्त्या जाळणारे कोणाचे मतदार होते?

अमेरिकेत १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला तेव्हा सिनेटमध्ये ७३ मतं बाजूने पडली, २७ विरोधात. त्या २७ पैकी २१ राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे, बहुतेक दक्षिणेतले. आज तिथे दोन्ही पक्ष त्या मतदानाचं श्रेय आपापल्या सोयीने सांगतात, पण निदान नावं नोंदलेली आहेत. गिटमध्ये कोडची प्रत्येक ओळ कोणी लिहिली ते दिसतं, तसं. आपल्याकडे नामांतराला उघड विरोध करणारी शिवसेना तेवढी लक्षात राहिली. पुढे २०११ मध्ये आठवल्यांचा रिपब्लिकन पक्ष तिच्याशीही जोडला गेला. बाकीच्यांच्या नावावर फक्त ‘बाजूने’ जमा आहे. हात वर करून मत दिलं आणि गावात आपल्याच माणसांना आवरलं नाही, तर ते मत मी कोणत्या बाजूचं धरायचं? मला ते बाजूचं धरता येत नाही. आवरणं त्यांच्या हातात होतं, निदान काही गावांत तरी.

मागच्या दिवाळीत आजोबांना विचारलं, “आबा, नामांतराच्या दंगलीत आपल्या गावात कोणत्या पक्षाचे लोक होते?”

“सगळ्याच पक्षाचे की रे.”

“आणि तुम्ही?”

“म्या रानात होतो. ज्वारी काढाय.”

जुलै-ऑगस्टात आमच्याकडे ज्वारीची काढणी नसते.