कुमक्वाट, अळ्या आणि आईचा कढीपत्ता

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक २



दैवी गुणांच्या यादीत आज अहिंसा आहे, आणि त्याच श्लोकात पुढे प्राणिमात्रांवरची दयाही. वाचायला किती सोपं! पण गेल्या रविवारी हा श्लोक माझ्या बाल्कनीत उतरला आणि मी सपशेल नापास झालो.

आमच्याकडे कुंडीत कुमक्वाट आहे. मूळ चीनचं झुडूप. छोटी केशरी फळं सालीसकट खायची. साल गोड, आतला गर आंबट. दोन वर्षं जपलंय त्याला. आधी मायेपोटी रोज पाणी घालायचो, तर पानंच पिवळी पडली. मग शिकलो : भरपूर ऊन द्यायचं, आणि वरची माती सुकल्याशिवाय पाणी नाही. यंदा पहिल्यांदा फळ धरलं. पहिलं फळ देवापुढे ठेवायचं ठरवलं होतं.

रविवारी बघतो तर कोवळी पानं गायब! उरलेल्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी. नीट पाहिलं तर लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या. काही मोठ्या, हिरव्या. एकीला काडी लावली, तर तिने डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडला.

पहिल्या दोन मी चिरडल्या. ऑफिसात बग काढतो तसं, विचार न करता. मग सकाळचं वाचन आठवलं आणि लाज वाटली. उरलेल्या पाच उचलून शेजारच्या कढीपत्त्यावर ठेवल्या. तोही लिंबाच्याच कुळातला, त्यावर त्या जगतात. एकदम पुण्यवान वाटलं.

संध्याकाळी आई म्हणाली, "अरे, माझ्या कढीपत्त्याने तुझं काय घोडं मारलंय?"

उत्तरच नव्हतं. दया माझी आणि बिल आईच्या नावावर! आपण बरेचदा असंच करतो ना? घरी आलेल्या पाहुण्यांना आग्रह आपण करायचा आणि स्वयंपाकघरात राबायचं दुसऱ्याने. अहिंसेला किंमत पडते. ती कोण भरतंय, हे बघणं हाही त्या गुणाचाच भाग असावा, असं मला आता वाटतं.

अळ्या परत कुमक्वाटवर ठेवल्या. पण झाडही जीवच आहे. ते ओरडत नाही, म्हणून त्याचा खर्च मी धरलाच नव्हता. त्यामुळे पुढची पालवी फुटली की आधीच बारीक जाळी घालणार, म्हणजे फुलपाखरू तिथे अंडीच घालणार नाही. मारण्याची वेळ येऊ न देणं, एवढं तरी माझ्या हातात आहे.

फळ टिकेल की नाही, माहीत नाही. चिरडलेल्या दोन अळ्या मात्र परत येणार नाहीत. नवव्या अध्यायात भगवंत भक्तीने दिलेलं पानही स्वीकारतात. यंदा देवापुढे कुरतडलेलं पानच ठेवीन म्हणतो.

आजचा प्रश्न : तुमच्या चांगुलपणाचं बिल कोण भरतंय?

जय हरी!